बॉक्सरची डावी बाजू

दुर्गेशने खेळातला नवा क्लास वाचायला घेतला तेव्हा मोनाली शेंगा सोलत होती. 'कमजोरी' या शब्दापुढची ओळ आली आणि तिचा हात थांबला.

"डावी बाजू आंधळी," दुर्गेश वाचत होता. "बॉक्सरवर डावीकडून हल्ला झाला, तर त्याले बचावाचा फासा टाकता येणार नाही. वार सरळ लागन."

नंदनवन वस्तीत दुर्गेशच्या घरी, वरच्या खोलीत, शनिवारी दुपारी चौघांचा हा खेळ चाले. दुर्गेश गोष्ट सांगायचा. तिच्यात कधी किल्ला असे, कधी बुडालेलं गाव, कधी चोरांची बाजारपेठ. बाकीचे तिघे गोष्टीतली एकेक माणसं चालवत. कोणाला काय करता येतं ते त्याच्या क्लासवर ठरायचं: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. जे करायचं ते जमलं की फसलं, हे वीस पैलूंचा फासा सांगे. चौकोन आखलेल्या चार्टपेपरवर मातीच्या बोटभर बाहुल्या उभ्या असत. त्या दुर्गेशने मूर्तिकारांच्या चितार ओळीतून आणलेल्या मातीच्या होत्या. प्रत्येकीला टोकदार नाक होतं, कारण कोण कुठे तोंड करून उभा आहे याला दुर्गेशच्या नियमांत महत्त्व होतं.

बॉक्सर हा क्लास त्याने मोनालीसाठी लिहिला होता. तिचा योद्धा हातात तलवार असूनही बुक्क्यांनीच मारामारी करायचा, यावरून वर्षभर थट्टा चालली होती. मोनाली स्वतः बॉक्सर होती. पुढच्या रविवारी तिची निवड चाचणीची लढत होती, आणि त्याआधी ही भेट द्यावी असं त्याच्या मनात होतं.

"हे काय बे?" पिंटू म्हणाला. "बॉक्सरले डावीकडचं दिसतच नाही? मंग त्याले बॉक्सर काहून म्हणतं, टांग्याचा घोडा म्हण."

"हरेक क्लासले एक कमजोरी लागते. तुह्या चोराले पाण्याची भीती आहे ना?"

"ते तू मले अंबाझरीच्या तलावावर पाहून लिहिलं."

"मंग? मी पाहूनच लिहितो."

मोनालीने हे ऐकलं, पण तिकडे लक्ष दिलं नाही. ती समोर बसलेल्या अश्लेषाकडे पाहत होती. अश्लेषा फाशांची पिशवी उघडत होती. तिने मान वर केली नाही.

मोनालीच्या डाव्या डोळ्याला बाहेरच्या बाजूचं दिसत नव्हतं. उन्हाळ्यात सरावात एक ठोसा त्या डोळ्यावर बसला होता. पडदा फाटला होता. डॉक्टरांनी लेझर करून तो सांधला, समोरची नजर वाचली, कडेची गेली. पुन्हा असा मार बसला तर डोळाच जाईल, असं त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. घरी तिने डोळे आल्याचं सांगितलं. चंद्रभान सरांना, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांना, गावी गेल्याचं सांगितलं. खरं एकाच माणसाला माहीत होतं. दवाखान्यात तिला गाडीवर बसवून नेणाऱ्या अश्लेषाला.

लपवण्याचं कारण सरळ होतं. मोनाली हिंगण्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होती. रविवारची लढत जिंकली तर राज्याच्या संघात जागा होती, आणि त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा अर्ज करता येणार होता. वयाची अट याच वर्षी संपत होती. पुढच्या वर्षीची लढत तिच्या कामाची नव्हती.

आणि रविवारी तिच्यासमोर उभी राहणार होती वैभवी, पिंटूची सख्खी बहीण.

या चौघांत एक रिवाज होता. नवा क्लास ज्याच्यासाठी लिहिला त्याने तो आधी खेळायचा नाही. दुसऱ्या कोणी दोन शनिवार खेळून तो कुठे मोडतो ते शोधायचं. मग मालकाला विचारायचं, कमजोरी पटते का? मालक "खोटी" म्हणाला तर ती ओळ खोडायची, "खरी" म्हणाला तर कायम. या वेळी चाचणीची पाळी पिंटूची होती.

पिंटू चाचणी मन लावून करायचा. त्या दुपारी त्याने बॉक्सरची बाहुली पुलावर उभी केली आणि समोर दोन लुटारू आणायला लावले. पहिल्या खेपेला बॉक्सर जिंकला. दुसऱ्या खेपेला पिंटू म्हणाला, "आता लुटारू मी खेळतो, तू बॉक्सर चालव," आणि दुर्गेशशी जागा बदलली. त्याने एका लुटारूला वळशाने बॉक्सरच्या डावीकडे नेलं. बॉक्सर एका वारात पडला.

"सोपं आहे यार याले मारणं," पिंटू म्हणाला. "समोरून एकानं गुंतवायचं अन् उजव्या हाताचा एक हूक. खल्लास." त्याने मोनालीकडे पाहिलं. "तुले असा बॉक्सर चालते का वं?"

"चाचणी होऊ दे," मोनाली म्हणाली.

खेळ संपल्यावर तिने अश्लेषाला जिन्यात गाठलं.

"तू सांगतलं."

"काय सांगतलं?"

"डोळ्याचं. दुर्गेशले."

"पागल झाली का वं? मी माह्या मायजवळ नाही बोलली."

"मंग त्याले कसं समजलं? डावीच बाजू कशी लिहिली त्यानं?"

"त्यालेच विचार ना."

"त्याले विचारलं म्हणजे सांगतल्यासारखंच झालं. अन् तो कागद आता पिंटूजवळ आहे."

अश्लेषाने हेल्मेटचा पट्टा लावला, पुन्हा काढला. "माह्यावर इतकाच भरोसा होता, तर दवाखान्यात मलेच काहून नेलं?"

"गाडी तुह्याजवळ होती म्हणून."

अश्लेषा गाडी काढून एकटीच गेली. मोनाली ऑटोने घरी गेली.

दोघी एकाच कारखान्यात होत्या, मोनाली पॅकिंगला आणि अश्लेषा स्टोअरमध्ये. कंपनीच्या बसमध्ये त्या शेजारी बसत, मोनाली उजवीकडे, अश्लेषा तिच्या डावीकडे. उन्हाळ्यापासून हे असंच चालू होतं आणि त्याबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं. सोमवारी अश्लेषा पुढे, कॅन्टीनच्या बायांमध्ये जाऊन बसली. मोनालीच्या डावीकडे डिस्पॅचचा एक माणूस येऊन बसला तो तिला दिसलाच नाही. त्याने तिकीट-तपासनिसाच्या थाटात "मॅडम, सरका" म्हटलं तेव्हा ती इतकी दचकली की मागचे हसले.

आठवडाभर तिने सगळ्यांना तपासून पाहिलं. दुर्गेश आणि अश्लेषा एकमेकांना विनोदाचे मेसेज पाठवतात, हे तिला ठाऊक होतं. आता त्यातला प्रत्येक मेसेज तिला डोळ्याबद्दलचा वाटू लागला. दवाखान्यात नाव पुकारणारी बाई नंदनवनातलीच आहे, असं अश्लेषा एकदा म्हणाली होती. ते खरं होतं की आत्तासारख्या वेळी दोष त्या बाईवर ढकलता यावा म्हणून आधीच रचून ठेवलेलं? पिंटूने चाचणीच्या वेळी हूक, म्हणजे बॉक्सिंगमधला बाजूने येणारा ठोसा, हाच शब्द का वापरला? लुटारू हूक मारत नाहीत. त्यांच्या हातात काठ्या होत्या.

बुधवारी ती सरावाला निघाली होती. वैभवीचा क्लब वाटेतल्या मैदानाच्या कोपऱ्यात होता. कुंपणाच्या जाळीतून तिला पिंटू दिसला. त्याने दोन्ही हातांत पॅड घातले होते आणि वैभवी त्यावर उजव्या हाताचा हूक मारत होती. मारून मागे सरकायची, पुन्हा तोच. मोनाली थांबली. पिंटूने तिला पाहिलं आणि पॅडसकट हात हलवला. लपला असता तर तिला काहीतरी पक्कं कळलं असतं. त्याने मोकळेपणाने हात केला, म्हणून तिचा संशय आणखी वाढला.

चंद्रभान सर त्या दिवशी खुशीत होते. हे जुने मुष्टियोद्धे, नाक दोनदा मोडलेलं. तीन-चार आठवड्यांपासून ते तिला उलटं उभं करत होते, उजवा पाय आणि उजवा खांदा पुढे. आयुष्यभर ती डावा पाय पुढे टाकून लढली होती. लढत तोंडावर असताना हा बदल कशाला, असं तिने सुरुवातीला विचारलं होतं. "वैभवीले गोंधळात टाकायचं आहे," असं उत्तर मिळालं होतं. बुधवारी तिला ते उत्तर पुन्हा आठवलं, पण तिच्या संशयाच्या यादीत सर नव्हते.

शनिवारी ती वेळेच्या बरीच आधी दुर्गेशकडे गेली. खोलीत त्याची आई, मीराबाई, टेबलावर ब्लाउजचं कापड पसरून कापत होत्या. तेच टेबल खेळाचं. मीराबाईंचं शिवणकाम त्यावरच चाले, म्हणून नकाशा कधीच मांडलेला राहत नसे. दर शनिवारी मोडायचा आणि पुढच्या शनिवारी जसाच्या तसा मांडायचा.

"तुह्या क्लासबद्दल विचारायचं होतं," मोनाली म्हणाली. "डावी बाजू. हे तुले कोणी सांगतलं?"

"कोण सांगन?" दुर्गेश म्हणाला. "मी फोटो पाहून लिहिलं."

"कशाचे फोटो?"

त्याने फोन काढला. खेळ मोडण्याआधी तो नकाशाचा वरून एक फोटो काढून ठेवायचा. बुटीबोरीला एका कापडगिरणीत तो ड्रॉइंगचं, म्हणजे मागाचे धागे ठरल्या क्रमाने ओवण्याचं, काम करायचा; मोडलेलं जसंच्या तसं मांडण्याची सवय तिथलीच. त्याने बोटाने फोटो सरकवायला सुरुवात केली. किल्ला, नदी, बाजारपेठ. प्रत्येकात मोनालीचा योद्धा कुठेतरी होता.

"हे पाह्य. डाव्या बाजूले भिंत. इथं नदी डाव्या बाजूले. इथं तर तू अश्लेषाच्या मांत्रिकाले डावीकडं उभं केलं, त्याची पाळी नसताना. उघड्या मैदानात तू येतच नाहीस, अन् आली तर गरगर फिरत राहतेस." तो स्वतःच्या शोधावर खूश होता. "मले वाटलं, बॉक्सरची काही पद्धत असन. म्हटलं कमजोरी म्हणून मस्त आहे."

मोनालीने फोन हातात घेतला आणि मागे सरकवत गेली. होळीच्या आसपासच्या फोटोंत तिचा योद्धा कुठेही उभा होता, दारात, चौकात, चहूकडून मोकळा. उन्हाळ्यानंतर एकही फोटो तसा नव्हता. काही फोटोंत टेबलाची कडही आली होती आणि कडेला खेळणाऱ्यांचे हात. तिचा स्वतःचा डावा कोपर खोलीच्या भिंतीला टेकलेला होता. आधीच्या फोटोंत ती खिडकीकडे बसायची. जागा आपण कधी बदलली, ते तिला आठवेना.

"घे ना वं बाई," मीराबाई म्हणाल्या. "कवाची धरून उभी आहे. हात भरून आला माहा."

मोनालीने मान वळवली. मीराबाई तिच्या डाव्या खांद्याशी चहाचा कप धरून उभ्या होत्या.

तिने कप घेतला. दुर्गेशने तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. त्याचा चेहरा बदलला.

"मोनाली," तो हळू म्हणाला, "तुले खरंच...?"

"कोणाले बोलू नको."

"अन् मी हे पिंटूले देऊन बसलो." मीराबाई खाली जाईपर्यंत तो थांबला. "आज शेवटी मी रिवाजाप्रमाणं विचारीन. तू फक्त 'खोटी' म्हण. मी सगळ्यांसमोर खोडतो. पिंटूले वाटन, मीच काहीतरी बनवलं होतं."

ती चहा तसाच ठेवून गच्चीवर गेली.

आठवडाभर ती सांगणारा शोधत होती. सांगणारा असता तर त्याचं तोंड बंद करता आलं असतं, निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याने आयुष्यात हातात ग्लोव्ह घातला नाही त्या माणसाला मातीच्या बाहुलीवरून जे वाचता आलं, ते वैभवीला रिंगणात वाचायला एक राउंड पुरला असता. नंतर वार तिथेच येणार होता.

तिने चंद्रभान सरांना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. दवाखाना, लेझर, डॉक्टर काय म्हणाले ते. पलीकडून शिव्या येतील याची तिने तयारी ठेवली होती.

"हे पाह्य," सर म्हणाले, "वैभवीच्या उजव्या हातापासून दूर फिरायचं. तू उजवीकडंच फिरत राह्य. उजवा पाय पुढं, डोकं थोडं तिरपं, म्हणजे चांगला डोळा तिच्याकडं येतो. तीन राउंडचा तर खेळ आहे. उद्या लढतीआधी वजन करतील, तेव्हा कोणाजवळ काही बोलू नको."

उत्तर फार लवकर आलं होतं, आणि पूर्ण आलं होतं.

"सर, तुम्हाले माहीत होतं?"

"मले दिसते बाई. मी काय आंधळा आहो?"

"मंग तुम्ही मले काहून नाही विचारलं?"

"तू काहून नाही सांगतलं?" सर म्हणाले. "विचारलं असतं तर थांबवा लागलं असतं. राज्यावर आपल्या क्लबची पोरगी चार वर्षांत नाही गेली. तुले जायचं होतं, मले पाठवायचं होतं. मंग बोलायचं काय होतं?"

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. त्यातली डावीकडची मोनालीला मान वळवल्यावरच दिसली.

"हॅलो," सर म्हणाले. "उद्या सकाळी येतेस ना?"

"पाहीन सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती खाली आली तेव्हा पिंटू आणि अश्लेषा आले होते. अश्लेषा सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसली होती आणि कोणाशीच बोलत नव्हती. नकाशा मांडून झाला होता. आज जत्रेतलं कुस्त्यांचं दंगल-मैदान होतं, उघडं, चारी बाजूंनी मोकळं. पिंटूने बॉक्सर मध्ये उभा केला. आज तो डाव सावरून खेळला. बॉक्सरला सतत फिरवत राहिला, एका खांबाशी नेला, तिथून लढवला. फासेही चांगले पडले. तरी शेवटी पहिलवानाने खांबाला वळसा घातला आणि बॉक्सर पडला.

"नाही टिकत," पिंटूने बाहुली आडवी ठेवली. "मी सगळं करून पाहिलं. एकटा असला की हा मरतेच."

दुर्गेशने घसा साफ केला. "आता मालकाले विचारतो. मोनाली, कमजोरी पटते का? खोटी वाटत असन तर सांग, मी खोडून टाकतो." पेन त्याने आधीच उघडून धरलं होतं.

पिंटू तिच्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा नेहमीसारखा होता, थोडा हसरा, थोडा उतावळा. त्या चेहऱ्यावरून तिला काहीच ठरवता आलं नाही.

"खोटी" म्हणणं सोपं होतं. मग उद्या सकाळी वजनाला जायचं, उजवा पाय पुढे ठेवायचा, आणि जे सरांना, दुर्गेशला आणि कदाचित समोर बसलेल्या या पोरालाही दिसलं होतं, ते वैभवीला दिसणार नाही असं मानून रिंगणात उतरायचं.

"खरी आहे," मोनाली म्हणाली. "राहू दे."

अश्लेषाने मान वर केली.

"खरी म्हणजे?" पिंटू म्हणाला.

"म्हणजे मले डावीकडचं दिसत नाही. उन्हाळ्यापासून. वैभवीले सांग, उद्या मी येत नाही."

दुर्गेशने पेनाला टोपण लावलं.

"तुले माहीत होतं का बे?" मोनालीने विचारलं. "बुधवारी तिच्याकडून तोच हूक करून घेऊन राहिला होतास."

"मी फक्त पॅड धरतो," पिंटू म्हणाला. "कोणता ठोसा मारायचा ते तिचे सर सांगते." त्याने फोन उचलला, पाहिला आणि पुन्हा टेबलावर उलटा ठेवला. "मी तिले काही नाही सांगतलं. देवाशप्पथ."

ते खरं असेल किंवा नसेल. मोनालीने पुढे विचारलं नाही. बहिणीला न लढताच विजय, वॉकओव्हर, मिळाला होता आणि तरी त्याचे कान लाल झाले होते. लाजेनेही होतात, पकडलं गेल्यावरही होतात.

दुर्गेशने बॉक्सरची बाहुली उचलून तिच्यासमोर उभी केली. आता ती तिची होती. मोनालीने खुर्ची भिंतीपासून ओढून टेबलाच्या मधोमध आणली. डावीकडे एका खुर्चीची जागा झाली.

"अश्लेषा," ती म्हणाली, "इकडं बस ना वं."

"काहून? गाडी माह्याजवळ आहे म्हणून?"

दुर्गेश आणि पिंटू नकाशाकडे पाहत राहिले.

"नाही," मोनाली म्हणाली. "पण डॉक्टरकडं सोमवारी पुन्हा जायचं आहे. गाडी पण लागन."

अश्लेषा उठली, खुर्ची फरशीवरून मोठा आवाज करत ओढत आणली आणि मोनालीच्या डावीकडे ठेवली. बसताना तिने मोनालीच्या खांद्याला जरा जास्तच जोराने धक्का दिला.

"हे दिसलं का?" तिने विचारलं.

"लागलं," मोनाली म्हणाली, आणि फासा उचलला.